डांबराच्या गोळ्या आणि नऊ टेराबाइट

"अरे, पण रेड आहे ना आपल्याकडे? मग बॅकअप कशाला?"

हे वाक्य ऐकलं नाही असा सर्व्हरवाला माणूस मला अजून भेटायचाय. मी तसा सर्व्हरवाला नाही. कोडिंग करायला म्हणून घेतलं होतं मला. पण साठ-सत्तर माणसांच्या कंपनीत काय असतं, आधीचा अ‍ॅडमिन नोटीस पिरियड संपवून बेंगलोरला गेला आणि सर मला म्हणाले, "थोडे दिवस सर्व्हरचं पण तूच बघ." ही २०२३ च्या पावसाळ्यातली गोष्ट. ते थोडे दिवस अजून चालूच आहेत. असो.

आमच्या हापिसात गाड्यांच्या सुट्या भागांची डिझाइन्स होतात. म्हणजे ब्रॅकेट, हाउसिंग असलं काहीबाही. ड्रॉइंग्ज, त्यांच्या जुन्या आवृत्त्या, ग्राहकांच्या मेल आणि एक पोस्टग्रेसचा डेटाबेस, सगळं मिळून तेव्हा नऊ टेराबाइट भरत होतं. बॅकअप म्हणाल तर त्याच रॅकमध्ये, त्याच यूपीएसवर, मुख्य सर्व्हरच्या दोन फूट खाली एक नॅस होतं आणि रोज रात्री त्याच्यावर कॉपी व्हायची. बास. शिवाय एका ड्रॉवरमध्ये पाच जुन्या एलटीओ-५ टेप सापडल्या, वर बॉलपेनने '२०१२ फुल' असं लिहिलेलं. त्या वाचणारा ड्राइव्ह केव्हाच भंगारात गेला होता. टेपमध्ये काय आहे ते सांगणारा माणूसही गेला होता (बेंगलोरला नव्हे, रिटायर होऊन गावी).

तर रेड. एक डिस्क मेली तर बाकीच्या डिस्क काम चालू ठेवतात, एवढंच रेडचं काम. तुम्ही फाइल उडवलीत तर रेड ती सगळ्या डिस्कवरून एकसाथ, अत्यंत इमानदारीत उडवतं. रॅन्समवेअरने ड्रॉइंग्ज कुलूपबंद केली तर कुलूपबंद ड्रॉइंग्ज जिवापाड जपतं. हे सरांना समजावताना मी घराला दोन दारं असण्याचा दृष्टांत दिला. तो फसला. मग सरळ विचारलं, "सर, आज संध्याकाळी सगळं गेलं तर किती तासांचं काम परत करावं लागलं तर चालेल? आणि किती वेळ कंपनी बंद राहिली तर चालेल?"

"शून्य. दोन्ही शून्य."

"आणि बजेट?"

सर नुसतेच हसले. बजेटही त्याच आकड्याच्या आसपास होतं.

पण खरं सांगतो, प्लॅनिंगमधली सगळ्यात कामाची चर्चा हीच होती. घासाघीस करत आम्ही 'एक दिवसाचं काम गेलं तर चालेल, आणि महत्त्वाची ड्रॉइंग्ज चार तासांत, बाकी सगळं दोन दिवसांत परत हवं' इथवर आलो. एकदा हे दोन आकडे कागदावर आले की बाकीचं बरंचसं गणित असतं. आणि गणित म्हटलं की आपल्याला जरा बरं वाटतं.

सरांचा पहिला प्रश्न अपेक्षितच होता. "क्लाउडवर टाक की." आमची लाइन तेव्हा १०० एमबीपीएसची. नऊ टेराबाइट म्हणजे ७२ लाख कोटी बिट्स. लाइन पूर्ण वेळ, पूर्ण वेगाने, दुसरं कुणीही काहीही न करता वापरली तरी पहिली कॉपी जायला आठ दिवस आणि आठ तास. जाताना आठ दिवस चालतील हो, पण येतानाही आठ दिवस! आमचा करार दोन दिवसांचा.

आता हेच नऊ टेराबाइट एका एलटीओ-८ टेपवर बसतात. तिची क्षमता बारा टेराबाइट, तीही कॉम्प्रेशन न धरता. हाताच्या पंजात मावेल एवढी वस्तू, आत अर्धा इंच रुंदीची जवळपास एक किलोमीटर पट्टी. ती अ‍ॅक्टिव्हाच्या डिकीत टाकून चाळीस मिनिटांत सिंहगड रोडला पोचवली तर वेग पडतो सेकंदाला ३० गिगाबिट. टॅनेनबॉमच्या नेटवर्क्सच्या पुस्तकात टेपांनी भरलेल्या स्टेशन वॅगनचा विनोद आहे, आठवतोय का? तिसऱ्या वर्षाला आम्ही तो 'इम्पॉर्टंट नाही' म्हणून सोडला होता. आयुष्यात उपयोगी पडलेला तेवढाच भाग.

सर म्हणाले, "कॅसेट? अजून कॅसेट मिळतात?" तेव्हापासून आमच्याकडे तिला कॅसेटच म्हणतात.

मिळतात. नुसत्या मिळत नाहीत, मोठमोठे लोक वापरतात. फेब्रुवारी २०११ मध्ये एका सॉफ्टवेअरच्या चुकीमुळे जीमेलच्या ०.०२ टक्के लोकांच्या मेल गायब झाल्या होत्या. गुगलकडे डेटाच्या कॉप्या वेगवेगळ्या डेटा सेंटरमध्ये होत्या, पण ती चूकही त्या कॉप्यांपर्यंत पोचली होती. मेल परत आल्या त्या टेपवरून. कपाटात ठेवलेल्या टेपला नेटवर्क नसतं, हा तिचा सगळ्यात मोठा गुण. हॅकर कितीही हुशार असला तरी त्याला कपाटाशी यावं लागेल.

पण सरळ सर्व्हरवरून टेपवर लिहायचं नाही, हे मी जरा उशिरा शिकलो. आमचं नेटवर्क एक गिगाबिटचं, म्हणजे प्रत्यक्षात सेकंदाला ११० एमबी मिळाले तर देव पावला. त्या वेगाने नऊ टेराबाइटला पावणेतेवीस तास. टेप ड्राइव्ह मात्र सेकंदाला ३०० एमबी खायला बसलेला. त्याला वेळेवर घास मिळाला नाही की तो थांबतो, पट्टी थोडी मागे घेतो, परत पळतो, परत थांबतो. बूटपॉलिशवाला फडकं मागेपुढे करतो तसं. म्हणून या प्रकाराला शू-शायनिंगच म्हणतात. त्याने वेळ जातो तो जातो, टेप आणि ड्राइव्हही झिजतात. एलटीओचे ड्राइव्ह स्वतःचा वेग बरंच कमी करून घेतात, पण त्यालाही एक तळ असतो.

म्हणून मध्ये डिस्क. एक वेगळा बॅकअप सर्व्हर घेतला, वेगळ्या खोलीत, वेगळ्या पासवर्डचा. रोज रात्री दिवसभरात बदललेलं तेवढंच त्याच्यावर, शुक्रवारी रात्री पूर्ण कॉपी, आणि तीस दिवसांचं सगळं हाताशी. कुणी "कालची फाइल उडाली रे" म्हणत आलं की पाच मिनिटांत काढून द्यायची. टेप ड्राइव्ह याच सर्व्हरला जोडलेला, त्यामुळे शनिवारी स्थानिक डिस्कवरून टेपवर भराभर लिहायचं, साडेआठ तासांत काम फत्ते. तेवढाच वेळ परत वाचून पडताळायला. सोमवारी टेप हापिसाबाहेर.

टेप फिरवायची पद्धत आजोबा-बाप-मुलगा म्हणून ओळखली जाते. मुलगा दर आठवड्याचा, चार टेप आळीपाळीने. बाप दर महिन्याचा, वर्षभर हलवायचा नाही. आजोबा दर वर्षाचा, त्यांना कुणी हातच लावायचा नाही. एकत्र कुटुंब आहे हो, फक्त एका घरात राहायचं नाही.

यातही पहिला रिस्टोअर करून पाहिला तो सपशेल पडला. डेटाबेस चालू असताना मी त्याच्या फाइली नुसत्या उचलून कॉपी केल्या होत्या. म्हणजे घरातले लोक हलत असताना काढलेला ग्रुप फोटो, कुणाचंच डोकं जागेवर नाही. पोस्टग्रेस उठेचना. मग रोज रात्री रीतसर डंप घ्यायला लागलो. त्या आठवड्यात मी गिटलॅबची गोष्ट दोनदा वाचून काढली. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री त्यांच्या एका दमलेल्या इंजिनिअरने चुकीच्या सर्व्हरवर डेटाबेसची डिरेक्टरी उडवली. थांबवेपर्यंत ३०० जीबीतले साडेचार उरले. बॅकअपच्या म्हणून पाच पद्धती होत्या, एकही धड निघाली नाही. नेहमीचा डंप आवृत्तीच्या घोळामुळे होतच नव्हता आणि तसं सांगणाऱ्या मेल कुणाला पोचत नव्हत्या. वाचले ते सहा तास आधी एकाने वेगळ्याच कामासाठी हाताने घेतलेल्या स्नॅपशॉटमुळे. ही सगळी शोभा त्यांनी यूट्यूबवर लाइव्ह दाखवली. माझी तेवढी छाती नाही. म्हणून मी फक्त इथे लिहितोय, तेही दोन वर्षांनी.

कारण माझी खरी गंमत अजून आलेलीच नाही.

ऑफ-साइटसाठी आमचं सिंहगड रोडला एक छोटं गोडाऊन होतं. जुने प्रोटोटाइप, तुटक्या खुर्च्या वगैरे. तिथे एक लोखंडी कपाट. हापिसपासून सात-आठ किलोमीटर, म्हणजे एकाच आगीत दोन्ही जळणार नाहीत. मी गुगल मॅपवर अंतर मोजलं, कपाटाचा फोटो मागवला, प्लॅनमध्ये 'ऑफ-साइट: गोडाऊन, कपाट क्र. २' असं लिहिलं आणि पुढे गेलो. टेप नेण्याचं काम मामांकडे. मामा आमच्याकडे सगळ्यात जुने. चेक भरणं, कुरियर, सरांच्या आईंची औषधं आणि आता कॅसेट. मी एक रजिस्टर छापून घेतलं होतं. तारीख, टेप क्रमांक, जागा, सही. 'जागा' या रकान्यात 'गोडाऊन' हे मी आधीच छापून ठेवलं होतं, मामांना लिहायचा त्रास नको म्हणून. दर सोमवारी मामा सही करायचे. दहा महिने.

२५ जुलै २०२४, गुरुवार. पुण्यातल्या लोकांना तारीख सांगायला नको. रात्रभर पाऊस, खडकवासल्यातून विसर्ग वाढवलेला आणि सकाळी डोळे उघडतायत तोवर फोनवर एकतानगरीचे व्हिडिओ. पार्किंगमध्ये गाड्या बुडालेल्या, लोकांना होडीतून काढतायत. आमचं गोडाऊन तिथून जवळच, तळमजल्यावर, नदीच्या अंगाला. नदी! मी आगीचा विचार केला, चोरीचा केला, वीज कडाडून पडण्याचा केला. गुगल मॅपवर ती निळी रेघ मला दिसली नव्हती असं नाही, ती 'रूट'च्या आड आली होती.

सात वाजता मामांना फोन लावला. "मामा, गोडाऊनला पाणी शिरलं असेल हो. कॅसेट..."

पलीकडे जरा शांतता. मग म्हणाले, "साहेब, कॅसेट तिथं नाहीत."

"म्हणजे?"

"माझ्या घरी आहेत. पयल्यापासनं."

मामा २०१९ पर्यंत अरण्येश्वरला राहायचे, आंबील ओढ्यापासून हाकेच्या अंतरावर. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री तो ओढा काय करून गेला ते पुण्याने पाहिलंय. मामांचं घर उभं राहिलं, पण आतलं काही राहिलं नाही. मुलीची दहावीची कागदपत्रं, बायकोच्या लग्नातल्या साड्या, सगळ्याचा चिखल. त्यानंतर ते धनकवडीला तिसऱ्या मजल्यावर राहायला गेले. पहिल्याच सोमवारी टेप घेऊन गोडाऊनला गेले, कपाट उघडलं, खालच्या खणात ओल पाहिली, भिंतीवर कमरेच्या उंचीला जुन्या पाण्याची रेघ पाहिली आणि कपाट परत बंद करून टेप घरी घेऊन गेले. मला का सांगितलं नाही? "तुम्ही लई मनापासनं ते रजिस्टर छापलं होतं."

यावर काय बोलणार.

शुक्रवारी संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. मामींनी आधी चहा-पोहे दिले आणि मग गोदरेजचं कपाट उघडलं. वरच्या खणात साड्यांच्या शेजारी माझ्या बारा टेप, प्रत्येक आपापल्या डबीत, वर स्वच्छ टॉवेल आणि चारही कोपऱ्यांत डांबराच्या गोळ्या. "कंपनीची कागदपत्रं आहेत म्हणाले हे. म्हटलं, कसर लागायला नको," मामी म्हणाल्या. टेपजवळ असली रसायनं ठेवू नयेत एवढं मलाही कळतं, पण त्या क्षणी मी फक्त 'हो, बरं केलंत' म्हणालो.

आता तुम्ही म्हणाल, संपलं की, शेवट गोड. नाही ना. ग्राहकांशी आमचे गोपनीयतेचे करार आहेत. त्यांची ड्रॉइंग्ज दहा महिने एका कर्मचाऱ्याच्या घरी, साड्यांच्या खणात होती. नशीब, सगळ्या टेप एन्क्रिप्ट केलेल्या होत्या. एलटीओ-४ पासून ती सोय ड्राइव्हमध्येच असते, आणि मी पहिल्या दिवसापासून ती चालू ठेवली होती. किल्लीशिवाय त्या टेप म्हणजे नुसतं प्लॅस्टिक.

आणि किल्ली? किल्ली बॅकअप सर्व्हरवर होती. सर्व्हर जळाला तर म्हणून तिची छापील प्रत मी सीलबंद पाकिटात घालून ठेवली होती. कुठे? गोडाऊनमध्ये, कपाट क्र. २ मध्ये. ऐनवेळी शोधाशोध नको म्हणून कुलूप आणि किल्ली एकाच जागी! शनिवारी गाळ काढताना ते पाकीट मिळालं. आतला कागद लापशी झाला होता. हापिसातला सर्व्हर ठणठणीत होता म्हणून काही बिघडलं नाही. पण त्याच दिवशी हापिसात काही झालं असतं तर माझ्याकडे बारा कोरड्या, सुगंधी, कधीही न उघडणाऱ्या टेप उरल्या असत्या.

रविवारी सरांना मेल लिहायला बसलो. पहिल्या मसुद्यात मी लिहिलं होतं: 'पुराचा धोका लक्षात घेऊन टेप आधीच सुरक्षित जागी हलवण्यात आल्या होत्या.' वाक्य खोटं नव्हतं. 'हलवण्यात आल्या' हा प्रयोग किती सोयीचा आहे बघा, कुणी हलवल्या ते सांगावंच लागत नाही. वाचणाऱ्याला वाटावं की मीच हलवल्या. अर्धा तास ते वाक्य स्क्रीनवर तसंच होतं. मामांचं नाव घेतलं तर त्यांची नोकरी धोक्यात, नाही घेतलं तर मी हुशार. दोन्हीकडून माझं काहीच जात नव्हतं, म्हणून जास्त घाण वाटत होतं. शेवटी पुसलं आणि सरळ लिहिलं. जागा न बघता मी प्लॅन केला, किल्ली टेपजवळ ठेवायचा मूर्खपणा माझा, 'जागा' रकाना आधी छापल्यामुळे नोंद खोटी झाली ती माझ्यामुळे, आणि मामांनी टेप घरी नेल्या म्हणून त्या आज आहेत.

मला वाटलं होतं, एवढं लिहिल्यावर मामांना शाबासकी मिळेल. सरांनी मला किल्लीवरून झाडलं, ते योग्यच होतं. मामांना मात्र लेखी समज मिळाली. कंपनीची वस्तू परवानगीशिवाय घरी नेल्याबद्दल. "नियम आहे रे, ग्राहकाने विचारलं तर कागद दाखवावा लागेल," सर म्हणाले. त्यांचंही चूक म्हणता येत नाही. मामांनी त्या कागदावर रजिस्टरवर करायचे तशीच, शांतपणे सही केली. मी दोन दिवस त्यांच्याशी नजर मिळवायचं टाळलं. मग त्यांनीच चहाला हाक मारली.

पुढच्या वर्षी, २६ सप्टेंबर २०२५ ला, दक्षिण कोरियात देजॉनच्या सरकारी डेटा सेंटरला आग लागली. सरकारी कर्मचाऱ्यांच्या फाइलींचे ८५८ टेराबाइट जळून गेले. डेटा फार मोठा म्हणून बाहेर कॉपीच ठेवलेली नव्हती. ती बातमी मी मामांना मराठीत वाचून दाखवली. "आपल्यापेक्षा किती पट?" त्यांनी विचारलं. आमचे तेव्हा अकरा टेराबाइट झाले होते. जवळपास अठ्ठ्याहत्तर पट. "मग कपाटं पण तेवढी लागतील," मामा म्हणाले.

आता टेप चांगल्या वस्तीतल्या एका दुमजली जागेत वरच्या मजल्यावर असतात. ती जागा मी आणि मामांनी भर पावसात दोनदा जाऊन पाहिली. मामा भिंतींना हात लावत फिरले. किल्लीची एक प्रत सरांच्या बँकेच्या लॉकरमध्ये, दुसरी वकिलांकडे. रजिस्टरमधला 'जागा' हा रकाना कोरा छापतो, मामा स्वतः लिहितात. आणि दर तीन महिन्यांनी एका शनिवारी कुठलीही एक टेप उचलून, किल्ली लॉकरमधली वापरून, वेगळ्याच मशीनवर रिस्टोअर करून बघतो.

गेल्या खेपेला मामा म्हणाले, मी पण बसतो. टेप त्यांनीच ड्राइव्हमध्ये सरकवली. घर्र घर्र करत पट्टी पळायला लागली, हवी ती फाइल सापडायला दीडेक मिनिट गेलं आणि स्क्रीनवर एक ड्रॉइंग उघडलं. तीन भोकांचं, कोपऱ्यात वाकवलेलं ब्रॅकेट. मामांनी चष्मा लावला, खुर्ची पुढे ओढली.

"हे होतं होय आत?"

"हो."

बराच वेळ बघत राहिले. मग खुर्ची मागे घेतली, टेप बाहेर आल्यावर तिच्या डबीत घातली, डबी टॉवेलाने पुसली आणि रजिस्टर मागितलं.